घरून स्क्रिप्ट चढवताना साईट पांढरी पडते: तुटक्या लाईनवर काम करणाऱ्यांसाठी

तक्रार एकच असते, शब्द बदलतात. घरून स्क्रिप्ट (साईट चालवणारी कोडची फाईल) बदलली, सर्व्हरवर चढवता चढवता नेट गेलं आणि साईट पांढरी पडली. नेट आल्यावर तीच फाईल पुन्हा चढवली की साईट चालते, म्हणून मूळ दुखणं तसंच राहतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उपटतं. देवगडच्या आंबेवाल्यांच्या साईट, मालवण-तारकर्लीचं स्कूबाचं बुकिंग, गुहागर-दापोलीकडच्या न्याहारी-निवासांची पानं अशी कामं सांभाळणारे आम्ही बरेच जण आता गावात राहूनच काम करतो. सर्व्हर मुंबईत नाहीतर सिंगापुरात, आपण वाडीत, आणि मधली लाईन माडापोफळीतून आलेली. एप्रिलमध्ये पेटीचा भाव रोज हलतो, ऑर्डरी चालू असतात, आणि ऐन वेळी बागायतदाराचा फोन येतो: “साईट उघडना नाय रे, पांढरी पडली हा. काय झाला ता बघ.”

लाईन सुधारायची खटपट जरूर करावी, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. पण ती कधी ना कधी तुटणारच हे धरून कामाची मांडणी केली तरच हा त्रास कायमचा जातो. आत्ता, या क्षणी नेट गेलं तर चालू साईटचं काय होईल, हा प्रश्न प्रत्येक पायरीला विचारायचा. उत्तर ‘काहीच होणार नाही’ असं येईपर्यंत ती पायरी बदलत राहायची.

आधी नक्की काय झालंय ते बघा

घाईघाईने फाईल पुन्हा चढवू नका, कारण त्याने पुरावा पुसला जातो. चालू साईटवर चुका पडद्यावर दाखवणं बंद ठेवलेलं असतं आणि तसंच ठेवायला हवं, नाहीतर डेटाबेसच्या वाटा जगाला दिसतात. त्यामुळे खरं काय घडलं ते एरर लॉगमध्येच, म्हणजे सर्व्हरच्या चुकांच्या नोंदवहीतच सापडतं. सी-पॅनेलवर (होस्टिंगच्या नियंत्रणाच्या पानावर) ‘एरर्स’ नावाचं पान असतं, स्वतःचा सर्व्हर असेल तर एनजिनएक्स किंवा अपाची या वेब सर्व्हरचा लॉग आणि पीएचपी भाषेतल्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमचा लॉग, दोन्ही बघा.

‘सिंटॅक्स एरर, अनएक्सपेक्टेड एंड ऑफ फाइल’ असं दिसलं तर फाईल अर्धवट पोचली आहे. ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’ दिसलं तर बहुधा फाईल पूर्ण आहे, पण संच अर्धा नवा आणि अर्धा जुना झाला आहे. हल्ली हाच प्रकार जास्त होतो, कारण एकेक स्क्रिप्ट लहान असते, क्षणात पोचते. पण चाळीस फाईलींपैकी पंचविसाव्या फाईलीला नेट गेलं तर पहिल्या चोवीस नव्या काळातल्या आणि उरलेल्या जुन्या काळातल्या, असा घोळ होतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. लॉगमध्ये काहीच नाही, ब्राउझरला उत्तर मिळतंय, स्टेटस २०० (म्हणजे ‘सगळं ठीक’) आहे आणि तरी पान कोरं. अशा वेळी मुख्य फाईलचा आकार बघा, तो शून्य बाइट असेल. रिकामी पीएचपी फाईल ही पीएचपीच्या दृष्टीने अगदी बरोबर फाईल असते. ती चालते, काही छापत नाही आणि यशस्वीपणे संपते. साईट चालू आहे की नाही हे बघणारी बरीच फुकट सेवा फक्त २०० हा आकडा तपासते, तेव्हा ती तुम्हाला काही कळवणार नाही. त्या सेवेत पानावरचा एखादा ठरावीक शब्द शोधायची सोय असते, ती चालू करा. तळाशी असलेलं वाक्य निवडा. वरचा शब्द निवडलात तर अर्धं छापलेलं पानही पास होतं.

दोन्हीकडची फाईल एकच आहे का हे आकारावरून बहुतेक कळतं. खात्री हवी असेल तर दोन्ही बाजूंना एसएचए-२५६ ची बेरीज काढून ताडून बघा. लिनक्सवर ‘शा-२५६-सम’ ही आज्ञा असते, विंडोजवर ‘सर्टयुटिल’ने तेच काम होतं.

फाईल शून्य का होते

एफटीपी या फाईली पाठवायच्या जुन्या पद्धतीने आधीपासून असलेली फाईल पुन्हा चढवली की बहुतेक सर्व्हर ती आधी कापून शून्य करतात आणि मग येईल तसं लिहीत जातात. म्हणजे चांगल्या लाईनवरसुद्धा काही क्षण साईटवर तुटकी फाईल असते, फक्त कुणाच्या लक्षात येत नाही. एसएफटीपी आणि एससीपी या सुरक्षित पद्धतीही असंच जागच्या जागी लिहितात. चालू फाईलवर थेट लिहिणं म्हणजे भर पावसात डोक्यावरची कौलं उतरवायला घेणं.

एफटीपीत आणखी एक खोड आहे. त्यात दोन जोडण्या असतात, एक आज्ञांची आणि एक मालाची. मोठी फाईल चढत असताना आज्ञांची जोडणी गप्प पडून असते. बराच वेळ गप्प असलेली जोडणी मधला राउटर किंवा मोबाईल कंपनीचं नॅट (अनेकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी सोय) विसरून जातं. माल पूर्ण पोचतो, पण ‘पोचलं’ हा निरोप येत नाही. क्लायंटला वाटतं काम फसलं, तो पुन्हा चढवायला घेतो आणि फाईल पुन्हा शून्य होते. ‘शंभर टक्के होऊनही परत पहिल्यापासून सुरू होतं’ अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. शिवाय साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. शक्य असेल तिथे ते सोडूनच द्या.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये ‘सेव्ह केलं की लगेच सर्व्हरवर’ अशी सोय देणारी एक्स्टेन्शनं असतात. चालू साईटवर ती बंद करा. सवयीने कंट्रोल-एस दाबणाऱ्या माणसाचं प्रत्येक अर्धं वाक्य ती थेट गिऱ्हाइकापुढे नेऊन ठेवतात.

मुख्य उपाय: दुसऱ्या नावाने चढवा, मग नाव बदला

लिनक्सवर एकाच फाईल सिस्टिममध्ये नाव बदलणं ही अखंड क्रिया आहे. बघणाऱ्याला एकतर जुनी फाईल दिसते किंवा नवी. मधली अवस्था नसते. म्हणून ‘बुकिंग डॉट पीएचपी’ चढवायची असेल तर ती वेगळ्या नावाने चढवा, आकार ताडा, मग नाव बदला. नेट चढवताना गेलं तर त्या वेगळ्या नावाची फाईल अर्धी राहील, साईट जुन्यावर चालत राहील. एक अट पाळा: तात्पुरती फाईल साईटच्याच डिस्कवर ठेवा. सर्व्हरवरचं ‘टेम्प’ फोल्डर पुष्कळदा वेगळ्या फाईल सिस्टिमवर असतं, आणि तिथून ‘एमव्ही’ (फाईल हलवायची आज्ञा) केलं की प्रत्यक्षात कॉपी होते. मग अखंडपणा गेला.

ज्यांच्याकडे फक्त शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट) आहे त्यांनाही हे जमतं. फाइलझिला किंवा तसल्या कुठल्याही क्लायंटमधलं ‘रीनेम’ सर्व्हरवरच घडतं, त्यात माल हलत नाही. फाईली जास्त असतील तर सगळा संच झिप करून चढवा आणि सी-पॅनेलच्या फाईल मॅनेजरमध्ये वेगळ्या फोल्डरात उघडा. झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते, त्यामुळे अर्धवट पोचलेली झिप उघडायला सर्व्हर चक्क नकार देतो. आपल्या लाईनवर हा नकार मोलाचा आहे.

एसएसएच (सर्व्हरला दुरून आज्ञा द्यायची सुरक्षित वाट) मिळत असेल तर आरसिंक हे फाईली पाठवायचं साधन वापरा. १९९६ पासून चालत आलेलं हे साधन मुळातच अशा लाईनींसाठी बनलं आहे: बदललेला भागच पाठवतं, येणारी फाईल टिंबाने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच मूळ नावावर आणतं. आता एक सापळा नीट समजून घ्या. नेट तुटल्यावर पुन्हा पहिल्यापासून नको म्हणून बरेच जण ‘पार्शल’ हा पर्याय लावतात, किंवा प्रगती दिसावी म्हणून मोठा पी देतात, ज्यात ‘पार्शल’ येतोच. हा पर्याय असताना जोडणी तुटली तर आरसिंक आलेला अर्धा भाग मूळ नावावर ठेवून देतं. म्हणजे ज्या संकटातून सुटायला आरसिंक घेतलं तेच परत ओढवलं. त्याऐवजी ‘पार्शल-डिर’ हा पर्याय देऊन अर्धे तुकडे वेगळ्या फोल्डरात जाऊ द्या. ‘इनप्लेस’ हा पर्याय तर साईटवर कधीच नको. आणि ‘डिले-अपडेट्स’ लावलंत तर सगळ्या फाईली आल्यानंतरच एकदम नावं बदलली जातात, त्यामुळे अर्धा नवा अर्धा जुना हा घोळही खूप कमी होतो.

हा घोळ पूर्ण बंद करायचा असेल तर प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र फोल्डर ठेवा आणि ‘करंट’ नावाचा सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) चालू आवृत्तीकडे वळवा. नवीन फोल्डर भरायला अर्धा दिवस लागला तरी चालतं, वीस वेळा नेट गेलं तरी चालतं, साईटला पत्ताच नसतो. इथेही बारकावा आहे. लिंक बनवणाऱ्या ‘एलएन’ला जबरदस्तीचा पर्याय देऊन लिंक वळवली तर त्याच्या जुन्या आवृत्त्यांत आधी जुनी लिंक पुसली जाते आणि मग नवी बनते, मधे क्षणभर काहीच नसतं. नवी लिंक वेगळ्या नावाने बनवा आणि ‘एमव्ही’ला मोठ्या टीचा पर्याय देऊन ती ‘करंट’वर आणा. काही बिघडलं तर लिंक मागच्या फोल्डरकडे वळवली की झालं. घरून काहीही चढवावं लागत नाही, मोबाईलवरच्या एसएसएच ॲपमधूनही दोन ओळींत काम होतं. फक्त फोटो, बिलं अशा गिऱ्हाइकांनी चढवलेल्या फाईलींचं फोल्डर आवृत्त्यांच्या बाहेर ठेवा, नाहीतर लिंक वळवताच सगळ्या खोल्यांचे फोटो गायब दिसतील.

लिंक वळवली तरी जुनंच दिसतंय

पीएचपीचा ओपकॅश वाचलेली स्क्रिप्ट स्मरणात ठेवतो. मूळ सेटिंगमध्ये तो दर २ सेकंदांनी फाईल बदलली का बघतो, पण वेगासाठी अनेक ठिकाणी ही तपासणीच बंद केलेली असते; मग पीएचपी-एफपीएम रीलोड केल्याशिवाय नवीन कोड येत नाही. शिवाय पीएचपी फाईलच्या खऱ्या वाटा वेगळ्या लक्षात ठेवतं, मूळ मुदत १२० सेकंद. एनजिनएक्स असेल तर पीएचपीला वाट देताना ‘डॉक्युमेंट-रूट’ऐवजी ‘रिअलपाथ-रूट’ हे चल वापरा, म्हणजे लिंक वळताच नव्या फोल्डरची खरी वाट जाते. पुढे क्लाउडफ्लेअरसारखा सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून वाटणारी सेवा) असेल तर त्याचा साठाही साफ करावा लागतो. हे सगळं करून झाल्यावर खाजगी खिडकीत पान उघडून बघा. गिऱ्हाइकाला ‘तुमच्या फोनमध्ये जुनं दिसतंय’ असं सांगायची घाई करू नका.

टर्मिनल गोठतं, काम मध्येच मरतं

एसएसएचची जोडणी दोन्ही बाजूंच्या पत्त्यांना आणि पोर्टांना बांधलेली असते. फायबर गेलं म्हणून फोनचा हॉटस्पॉट लावला की आपला पत्ता बदलतो आणि जुनी जोडणी मेलेलीच असते, फक्त पडद्यावर ते दिसत नाही. कळा दाबतो, काही उमटत नाही. खिडकी बंद करायची गरज नाही: एंटर दाबा, मग टिल्डचं चिन्ह, मग टिंब. एसएसएच लगेच सुटतं. कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा.

जोडणी मेल्याचं लवकर कळावं आणि गप्प राहिली म्हणून नॅटने विसरू नये यासाठी घरच्या संगणकावरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल’ ३० करा. मूळ किंमत ० असते, म्हणजे बंद. ‘सर्व्हर-अलाइव्ह-काउंट-मॅक्स’ मुळात ३ असतो, तेव्हा ९० सेकंदांत सोक्षमोक्ष लागतो. लिनक्सची स्वतःची टीसीपी जागल (गप्प जोडणी जिवंत आहे का ही तपासणी) पहिल्यांदा ७२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी होते. तिच्या भरवशावर राहू नका.

सर्व्हरवर गेल्या गेल्या टीमक्स सुरू करायची सवय लावा. जोडणी तुटली की साध्या शेलमध्ये चालू असलेलं काम बहुधा मारलं जातं; टीमक्समध्ये ते चालू राहतं आणि परत आल्यावर ‘अटॅच’ केलं की जसंच्या तसं समोर येतं. डेटाबेसचं काम तर याशिवाय करूच नका. मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी प्रत्येक आज्ञा तिथल्या तिथे कायम होते, मागे घेता येत नाही. पाच बदलांपैकी तिसऱ्यानंतर लाईन गेली तर तीन झालेले, दोन बाकी, आणि कुठला कोड त्यावर चालेल ते सांगता येत नाही. बदलांची फाईल आधी सर्व्हरवर चढवा, आदल्या स्थितीची डम्प (डेटाबेसची पूर्ण प्रत) काढा, टीमक्समध्ये फाईल चालवा. क्रमही पाळा: नवीन रकाना आधी घाला, तो वापरणारा कोड नंतर आणा, आणि जुना रकाना पुढच्या आवृत्तीत, सगळं स्थिरावल्यावर काढा. असं केलं तर मधल्या कुठल्याही टप्प्यावर नेट गेलं तरी जुना आणि नवा दोन्ही कोड चालतात.

टायपिंगच अडखळत असेल तर टर्मिनलसाठी एसएसएचऐवजी मॉश वापरून बघा. यूडीपीवर चालतं, पत्ता बदलला तरी जोडणी टिकते. त्यासाठी सर्व्हरवर ६०००० ते ६१००० यांतले यूडीपी पोर्ट उघडावे लागतात, आणि त्याने फाईली पाठवता येत नाहीत.

सर्व्हरवर व्हिम या एडिटरने काम करत असताना जोडणी तुटली तर टिंबाने सुरू होणारी ‘एसडब्ल्यूपी’ फाईल मागे उरते. ती साईटच्या फोल्डरात असेल तर ब्राउझरमधून कुणीही उतरवू शकतो, आणि ती कॉन्फिग फाईलची असेल तर डेटाबेसचा पासवर्ड त्यात उघडा असतो. ‘डॉट ओल्ड’, ‘डॉट बॅक’ अशा नावांनी ठेवलेल्या प्रतींचंही तेच, कारण सर्व्हर त्या पीएचपी म्हणून चालवत नाही, मजकूर म्हणून देऊन टाकतो. अशा नावांना सर्व्हरच्या पातळीवर मनाई घाला.

घरीच जितकं तपासता येईल तितकं तपासा

नेट नसताना सर्वांत चांगलं होणारं काम हेच. पीएचपीला छोट्या एलचा पर्याय दिला की फाईल न चालवता तिचं व्याकरण तपासलं जातं. शेल स्क्रिप्टसाठी बॅशला छोटा एन. एनजिनएक्सचं कॉन्फिग बदललं असेल तर रीलोड करण्याआधी सर्व्हरवर छोट्या टीचा पर्याय देऊन तपासणी करा, दर वेळी. घरी पीएचपीची आवृत्ती सर्व्हरवरच्या आवृत्तीइतकीच ठेवा. घरी ८ आणि सर्व्हरवर ७.४ असेल तर घरची चाचणी फारशी कामाची नाही.

घरी चालतं आणि सर्व्हरवर चालत नाही, याची नेहमीची कारणं ठरलेली आहेत. विंडोजला फाईलच्या नावातलं मोठं-लहान अक्षर सारखंच, लिनक्सला वेगळं. विंडोजवर लिहिलेल्या शेल किंवा पर्ल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीला जादा चिन्ह चिकटतं आणि सर्व्हर ‘बॅड इंटरप्रीटर’ म्हणतो. एडिटरमध्ये ओळींचा शेवट ‘एलएफ’ करा. फाईलींना ६४४, फोल्डरांना ७५५ परवानगी. ‘चालत नाही’ म्हणून ७७७ दिली तर अनेक शेअर्ड होस्टिंगवर उलट ५०० चा एरर येतो.

दोन गोष्टी मात्र आपल्याकडच्या साईटना खास छळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये आलेलं बुकिंग आदल्या तारखेला पडतं. दिवसा कितीही चाचण्या केल्या तरी हे दिसत नाही. स्क्रिप्टमध्ये ‘एशिया/कोलकाता’ हा विभाग लिहा आणि घड्याळ मुद्दाम रात्री २ वर नेऊन तपासा.

दुसरी गोष्ट मराठी मजकुराची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं, ‘हापूस’ हा शब्द १५ बाइटांचा. यादीत नाव बसावं म्हणून कुणी ‘सबस्ट्र’ने १० बाइटांवर कापलं की ‘हाप’ आणि पुढच्या उकाराचा एक तुटका बाइट उरतो. असा मजकूर जेसनमध्ये (पानाला माहिती पाठवायच्या मांडणीत) घालायला गेलात तर ‘जेसन-एन्कोड’ सरळ ‘फॉल्स’ परत करतं आणि बुकिंगची यादी कोरी दिसते. लाईनचा इथे काही संबंध नसतो, पण लक्षण तेच, पांढरं पान. ‘एमबी-सबस्ट्र’ वापरा, काना-मात्रा अक्षरापासून सुटू नये असं वाटत असेल तर इंटल एक्स्टेन्शनमधलं ‘ग्राफिम-सबस्ट्र’ आणखी बरं. आणि चाचणीच्या नोंदींत ‘टेस्ट १, टेस्ट २’ नको, ‘श्रीवर्धन’, ‘वेंगुर्ले’, ‘हर्णै’ अशी खरी जोडाक्षरांची नावं घाला.

पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट गेटवे सर्व्हरला स्वतःहून पाठवतो. त्याची चाचणी घरच्या संगणकावर करायची तर अडचण येते, कारण आपलं कनेक्शन बहुधा सीजीनॅटच्या (नेट कंपनीच्या सामायिक नॅटच्या) मागे असतं. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतला दिसला तर सीजीनॅटच आहे असं समजा आणि पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये वेळ घालवू नका. एसएसएचला मोठ्या आरचा पर्याय देऊन उलटा बोगदा काढा: सर्व्हरवरच्या एका पोर्टवर आलेली विनंती घरच्या संगणकावर येते. तो पोर्ट मुळात फक्त सर्व्हरच्या आतूनच उघडा असतो, म्हणून चाचणीच्या सबडोमेनवरून एनजिनएक्सने ती विनंती त्या पोर्टला द्यायची. चाचणीचा डेटाबेस वेगळा ठेवा आणि त्यातले मोबाईल नंबर बदलून टाका. नाहीतर चाचणीचा ‘तुमची पेटी निघाली’ हा एसएमएस पुण्यातल्या खऱ्या गिऱ्हाइकाला जाईल.

सर्व्हर आतच घेत नाही

नेट परत आलं, पण सर्व्हर जोडूनच घेत नाही, हेही वारंवार होतं. सर्व्हरवर फेल-टू-बॅन असेल तर मूळ सेटिंगनुसार १० मिनिटांत ५ चुकीचे प्रयत्न झाले की तो पत्ता १० मिनिटं अडवतो. लाईन हलत असताना मागे उघडा राहिलेला फाईल क्लायंट जुन्या पासवर्डने आपोआप धडका मारत असतो. आधी तो बंद करा. सीजीनॅटमध्ये एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांना मिळून असतो, म्हणून दुसऱ्याच कुणाच्या उद्योगामुळेही आपण अडवले जाऊ शकतो. फोनच्या डेटावरून जोडून बघा. तिथून लागलं तर बहुधा पत्ता अडवला गेलाय. फायरवॉलमध्ये ‘फक्त माझ्या घरच्या पत्त्यावरून’ असा नियम लिहिलेला असेल तर तो काढा, आपला पत्ता स्थिर नसतो. पासवर्डची वाट बंद करून कीने (आपल्या संगणकावरच्या किल्लीच्या फाईलने) आत जाणं जास्त सुरक्षित आणि जास्त सोयीचं. होस्टिंगच्या वेब कन्सोलचा पासवर्डही हाताशी ठेवा, सगळी दारं बंद झाली की तोच उरतो.

लाईनीसाठी जे हातात आहे ते

गावात लाईट गेली की इन्व्हर्टरवर राउटर चालू राहतो, वायफायची रेंज फुल दिसते आणि नेट मात्र नसतं, कारण पुढच्या खांबावरच्या डब्याची बॅटरी उतरलेली असते. घरातल्या फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. ‘एलओएस’चा दिवा लाल असेल तर प्रकाशच पोचत नाही: तार तुटली, वाकली, नाहीतर पलीकडचं यंत्र बंद. ‘पॉन’ स्थिर हिरवा असून नेट नसेल तर दोष आपल्या राउटरमध्ये किंवा कंपनीच्या आणखी पुढच्या टप्प्यात. फोन करताना हे दिवे सांगितले तर माणूस योग्य सामान घेऊन येतो.

समुद्राच्या जवळ घर असेल तर लॅनच्या तारेचं टोक काढून उजेडात धरा. आठ सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला दिसला तर खाऱ्या हवेने तांबं खाल्लंय. जोडणी लागते, सुटते, परत लागते आणि दोष सर्व्हरवर ढकलला जातो. घासत बसण्यापेक्षा टोक कापून नवीन क्रिंप करून घ्या. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय फार पुढे जात नाही, कामाच्या खोलीपर्यंत तार ओढलेली बरी. आगोटीच्या कामांत राउटरच्या छोट्या डीसी यूपीएसची बॅटरी तपासणं धरा. मिरगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर आणि लॅनची तार दोन्ही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण अडॅप्टरमधून येते आणि पोर्ट जळतात.

गणपतीत वेगळीच अडचण येते. चाकरमानी आले की वाडीत फोन कितीतरी पटींनी वाढतात आणि टॉवर तेवढेच राहतात. त्या आठवड्यात हॉटस्पॉटवर भरवसा ठेवून मोठी आवृत्ती चढवू नका. तातडीचं असेल तर पहाटे करा.

लाईन ठीक, फाईल तरी शून्य

वरचं सगळं नीट करूनही फाईली शून्य बाइट होत असतील तर सर्व्हरची डिस्क भरली आहे का बघा. जागा नसताना फाईलचं नाव तयार होतं, आत काहीच लिहिलं जात नाही, आणि लक्षण हुबेहूब तुटलेल्या लाईनीसारखं दिसतं. ‘डीएफ’ला छोटा एच दिला की जागा कळते. तिथे जागा शिल्लक दिसली तर छोटा आय देऊन पुन्हा बघा: जागा असते, पण फाईलींच्या नोंदी ठेवणारे आयनोड संपलेले असतात. पीएचपीच्या सेशनच्या लाखो बारीक फाईली साचल्या की असं होतं. जुने लॉग दाबून ठेवणारं लॉगरोटेट चालतंय का ते तपासा, सेशन साफ करणारी क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची) नोंद लावा, आणि आवृत्त्यांच्या फोल्डरांपैकी शेवटची चार-पाच ठेवून बाकीची काढा. काढण्याआधी ‘करंट’ कुठल्या फोल्डरकडे वळलेला आहे ते ‘रीडलिंक’ने बघून घ्या.